श्रमजन्य उष्माघात : आधी गारवा, मग रुग्णालय

जोरकस व्यायामात स्नायूंनी निर्माण केलेली उष्णता शरीराला बाहेर टाकता आली नाही, तर गाभ्याचे, म्हणजे आतील अवयवांचे, तापमान 40 अंश सेल्सिअसच्या वर जाते आणि मेंदूचे कार्य बिघडते. या अवस्थेस श्रमजन्य उष्माघात म्हणतात. वृद्धांना होणाऱ्या नेहमीच्या उष्माघातात त्वचा बहुधा कोरडी पडते, धावपटूची मात्र घामाने निथळत असते, आणि घाम येतो आहे त्या अर्थी धोका नाही, या समजुतीपायी मोलाची मिनिटे वाया जातात. खेळाडूंच्या आकस्मिक मृत्यूंत हृदयविकाराचा वाटा मोठा असला, तरी उष्माघाताचे मृत्यू जवळजवळ सर्वच टाळता येण्याजोगे असतात.

या मताचे आग्रही पुरस्कर्ते अमेरिकी संशोधक डग्लस कासा यांना 1985 मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, 10 किलोमीटरच्या शर्यतीत स्वतःलाच उष्माघात झाला होता, आणि तत्काळ उपचारांमुळे ते वाचले. अमेरिकन फुटबॉलचा व्यावसायिक खेळाडू कोरी स्ट्रिंगर 2001 मध्ये सरावानंतर उष्माघाताने दगावला. त्याच्या नावाने कनेक्टिकट विद्यापीठात 2010 साली स्थापन झालेल्या संस्थेची धुरा कासा यांनीच वाहिली. रुग्णाला आधी जागेवर गार करावे आणि नंतरच हलवावे, हा त्यांच्या कार्याचा गाभा होय. अमेरिकेतील फालमथ येथील धावण्याच्या शर्यतीत 18 वर्षांत अशा 274 रुग्णांवर बर्फाच्या पाण्यात बुडवून उपचार झाले आणि त्यांपैकी एकही दगावला नाही.

महाराष्ट्रात हा प्रश्न क्रीडास्पर्धांपेक्षा पोलीस भरतीच्या मैदानावर अधिक ठसठशीतपणे दिसतो. जून 2014 मध्ये मुंबईतील भरतीत 5 किलोमीटर धावण्याच्या चाचणीत काही उमेदवारांचे प्राण गेले आणि त्यानंतर हे अंतर कमी करण्यात आले. आज पुरुषांसाठी ते 1600 मीटर आहे. मुंबईचा जून काही सोलापूरच्या मे महिन्याइतका तापत नाही. पण मुंबईत दमटपणामुळे घाम वाळत नाही, आणि न वाळलेला घाम शरीराला गार करत नाही. म्हणूनच नुसत्या पाऱ्यावर विसंबून न राहता हवेचे तापमान, आर्द्रता, ऊन आणि वारा यांचा एकत्र विचार करणारा निर्देशांक सरावाची वेळ ठरवताना पाहिला जातो.

सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा सहज चाळिशी ओलांडतो, तरी भरतीची जाहिरात निघताच महिनोन्महिने न धावलेली मुले एकदम ‘ग्राउंड’ मारू लागतात. उष्णतेला शरीर सरावण्यास 10 ते 14 दिवस लागतात. त्या काळात घाम लवकर सुटू लागतो आणि रक्तातील द्रवाचे प्रमाण वाढते, म्हणून पहिला आठवडा अंतर व वेग दोन्ही आवरते घ्यावेत आणि सराव सकाळी लवकर उरकावा.

धावताना कोणी अडखळू लागला, असंबद्ध बोलू लागला वा विनाकारण चिडला, तर त्याला ताबडतोब थांबवावे. कपाळावरचे किंवा काखेतले तापमान येथे फसवे ठरते, तापावरच्या गोळीचा उपयोग होत नाही, आणि शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी ओतणे घातक असते. बर्फाच्या पाण्यात गळ्यापर्यंत बसवून पाणी ढवळत राहिल्यास तापमान मिनिटाला सुमारे 0.2 अंशाने उतरते, म्हणजे 42 वरून 39 वर येण्यास साधारण पंधरा मिनिटे पुरतात, आणि रुग्णवाहिका गर्दीतून पोहोचण्यास कित्येकदा तेवढाच वेळ लागतो. टब नसेल तर चौघांनी कडा उचलून धरलेली ताडपत्रीही चालते. तीही नसेल तर बर्फाच्या पाण्यात भिजवलेले टॉवेल सर्वांगावर टाकून ते दर दोन-तीन मिनिटांनी बदलावेत, आणि टॉवेलसाठीच नावाजलेल्या सोलापुरात निदान त्यांची तरी वानवा पडू नये.

सराव घेणाऱ्या प्रत्येक प्रशिक्षकाने मैदानावर ताडपत्री, टॉवेल, पाण्याची पिंपे आणि फोडलेला बर्फ आधीच आणून ठेवावा. ही तयारी नसेल त्या दिवशी मुलांना घड्याळ लावून पळवू नये.