डॉल्फिन पाहायला निघताय? पैसे कशाचे देताय ते आधी ठरवा

तारकर्लीला असो, दापोलीच्या मुरुडला असो की गोव्यात सिकेरीला, किनाऱ्यावर उतरलं की आपला पहिला प्रश्न ठरलेला असतो : "माणशी किती?" समोरून आकडा येतो, आपण पन्नास रुपये कमी करून घेतो आणि सौदा छान झाला असं समजून होडीत चढतो. पण त्या आकड्यात किती वेळ मिळणार, किती माणसं बसणार आणि होडी डॉल्फिनजवळ कशी नेणार, हे आपण विचारलेलंच नसतं. या सहलीत खरा भाव ठरतो तो याच तीन गोष्टींवर.

सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या पट्ट्यात दहा-बारा जणांच्या शेअर बोटीत माणशी साधारण ३०० ते ५०० रुपये सांगितले जातात. सहा-आठ जणांची लहान फायबरची होडी तुमच्यापुरती घेतली, तर दोन ते चार हजारांच्या दरम्यान बोलणी सुरू होतात. नाताळच्या आठवड्यात, जोडून आलेल्या सुट्ट्यांत आणि मे महिन्यात हेच दर बरेच चढतात, तर जानेवारीतल्या एखाद्या मंगळवारी हमखास उतरतात. म्हणून सुट्टीचा दिवस तुमच्या हातात असेल, तर घासाघीस करण्यापेक्षा आडवार निवडा. त्यात जास्त वाचतं.

आता हिशेब मांडून पाहू. समजण्यापुरतं धरा की शेअर बोटीत माणशी ४०० रुपये आणि सहल एक तासाची. होडी भरेपर्यंत थांबायचं, मग जायला पंधरा मिनिटं आणि यायला पंधरा. त्यातच "संगम दाखवतो, सुनामी आयलंडला उतरवतो" असं पॅकेज असेल, तर डॉल्फिनच्या वाट्याला उरतात जेमतेम वीस मिनिटं. म्हणजे मिनिटाला वीस रुपये. दुसरीकडे तुम्ही पाच जणांनी अख्खी होडी दोन तासांसाठी ३००० रुपयांना घेतली, तर माणशी ६०० पडले. जाण्यायेण्याचा अर्धा तास वजा केला तरी दीड तास समुद्रात मिळाला. मिनिटाला सातही रुपये नाहीत. महाग दिसणारी होडी इथे जवळजवळ तिपटीने स्वस्त निघते. जोडपं किंवा एकटा माणूस असाल, तर मुक्कामाच्या घरमालकाला आदल्या संध्याकाळीच सांगून ठेवा. कोकणातल्या घरगुती निवासांत दुसरं एखादं कुटुंब सहज जोडीला मिळतं, आणि घरमालकाचा ओळखीचा होडीवाला असतोच.

लहान गट म्हणजे श्रीमंती चोचला, असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. गर्दीच्या होडीत डावीकडे डॉल्फिन दिसला की सगळे डावीकडे धावतात, सगळं वजन एका बाजूला येतं आणि होडी कलते. २४ मे २०२२ ला तारकर्लीजवळ पर्यटकांची बोट उलटून दोघांचा जीव गेला. १८ डिसेंबर २०२४ ला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या बोटीचा अपघात सगळ्या महाराष्ट्राने टीव्हीवर पाहिला. तेव्हा भाव विचारण्याआधी होडीच्या अंगाकडे नजर टाका. नोंदणी क्रमांक रंगवलेला हवा. किती प्रवासी न्यायची परवानगी आहे तेही विचारा, आणि त्याहून एकही माणूस जास्त दिसला तर चढू नका. लाइफ जॅकेट आसनाखाली ठेवलेलं चालत नाही, ते अंगावर हवं आणि त्याचे बक्कल लागत असले पाहिजेत. लहान मुलांना मोठ्यांचं जॅकेट घालू नका. पाण्यात पडल्यावर ते मुलाच्या डोक्यावरून निघून जातं. मुलांच्या मापाचं नसेल, तर ती होडी तुमची नव्हे, मग भाव कितीही चांगला असो. प्रवाशांचा विमा आहे का, हेही संकोच न करता विचारा. जो नीट धंदा करतो तो न चिडता सांगतो.

"डॉल्फिन नाही, तर पैसे नाहीत"

ही पाटी किंवा ही आरोळी किनाऱ्यावर सर्रास आढळते, आणि ग्राहकाला ती फार सोयीची वाटते. माझं स्पष्ट मत आहे, अशी हमी देणाऱ्या होडीत बसू नये. कारण त्या हमीमुळे होडीवाल्याचं डिझेल, त्याची सकाळ आणि त्याची कमाई सगळी एका डॉल्फिनच्या पाठीवर अवलंबून राहते. मग तो काय करणार? एक पाठ दिसली की इंजिन पूर्ण वेगात सोडून तिच्या मागे लागणार. त्याच्यासारखे चार-पाच जण चारी बाजूंनी येणार आणि तो कळप मध्ये कोंडला जाणार.

आपल्या किनाऱ्यालगत दिसतो तो बहुतेक हंपबॅक डॉल्फिन, पाठीवर कुबडासारखा उंचवटा आणि त्यावर लहान पर असलेला. खोल समुद्र त्याला नको असतो. खाडीच्या तोंडाशी आणि किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात तो राहतो, मासळीही तिथलीच खातो. म्हणूनच तो आपल्याला सहज दिसतो, आणि म्हणूनच जाळी, बंदरं, गाळ आणि आपल्या होड्या यांचा सगळा भार त्याच्यावर पडतो. जागतिक पातळीवर २०१७ मध्ये ही जात संकटग्रस्त ठरवली गेली, आणि आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्यात तिला पहिल्या अनुसूचीचं, म्हणजे वाघाच्या बरोबरीचं, संरक्षण आहे. मादीला एका वेळी एकच पिल्लू होतं आणि दुसरं व्हायला काही वर्षं जातात. पिल्लू आईच्या कुशीला चिकटून पोहतं. होड्यांनी पाठलाग केला की कळप खाली जातो, आणि श्वास घ्यायला वर यावंच लागतं तेव्हा वर इंजिनांचा गोंगाट असतो. आवाजाच्या आधाराने भक्ष्य आणि एकमेकांना शोधणाऱ्या प्राण्याला हा गोंगाट किती जाचत असेल!

याच्या उलट कसं असतं ते तारकर्लीजवळच्या देवबागच्या पुढे एका सकाळी पाहिलं. कर्ली नदी समुद्राला मिळते तिथून बाहेर पडल्यावर तांडेलाने, म्हणजे होडी चालवणाऱ्याने, बराच वेळ काहीच केलं नाही. तो पाण्याकडे नव्हे, आकाशाकडे पाहत होता. थोड्या अंतरावर कुरव पक्षी पुन्हापुन्हा पाण्यात सूर मारत होते, म्हणजे खाली तारली किंवा बांगड्याचा थवा असणार. त्या दिशेला होडी नेऊन, बऱ्याच अलीकडे त्याने इंजिन बंद केलं. होडीतल्या एका मुलीने विचारलं, "काका, जवळ नाही जायचं?" तो म्हणाला, "वायच थांबा. आवाज करू नकात. ते आपसूक वर येतले." होडी लाटेवर नुसती डुलत राहिली. मग उजव्या हाताला, एखाद्याने नाकाने जोरात उच्छ्वास सोडावा तसा आवाज झाला. करडी पाठ वर आली, कुबड दिसलं, पर दिसला आणि पाणी मिटलं. मागोमाग दुसरी पाठ, तिच्या बगलेत फिकट रंगाचं पिल्लू. इंजिन चालू असतं तर तो श्वास कानावर पडलाच नसता. तुम्ही पैसे मोजता ते याचे. उड्या मारणारे, गोल फिरणारे डॉल्फिन मनात धरून आलात तर निराश व्हाल. हंपबॅकची रीत शांत आहे.

डॉल्फिनपासून किमान ५० मीटर आणि देवमाशापासून १०० मीटर अंतर ठेवावं, ही जगभर रूढ असलेली शिस्त आहे. समुद्रावर अंतराचा अंदाज येत नाही, म्हणून क्रिकेटचं पिच डोळ्यांसमोर आणा. अडीच पिच म्हणजे ५० मीटर. त्याच्या आत ते स्वतःहून आले, तर इंजिन बंद ठेवून बसून राहायचं. आपण मात्र आत शिरायचं नाही.

वेळ, वारा आणि वरखर्च

सकाळी सात-साडेसातची पहिली होडी घ्या. रात्रभर जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा मतलई वारा तोवर मंदावलेला असतो, पाणी सपाट असतं आणि शंभर-दोनशे मीटरवरची पाठही दिसते. अकरानंतर खारा वारा सुरू झाला की पाण्यावर लाटांची खडी उठते. तेव्हा डॉल्फिन असूनही दिसत नाहीत आणि पोटात मात्र ढवळतं. दुपारची होडी स्वस्त मिळते ती याचसाठी. खाडीच्या तोंडातून बाहेर जायचं असेल, तर भरती-ओहोटीप्रमाणे वेळ पुढेमागे होते. तांडेल "आठला या" म्हणाला तर वाद घालू नका, त्याला कारण असतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे सगळ्यात चांगले महिने. मेअखेरपासून ऑगस्टअखेरपर्यंत पर्यटकांच्या होड्या बंद असतात, आणि त्या काळात कुणी "मी नेतो गुपचूप" म्हणाला तर सरळ नाही म्हणा.

वरखर्चाची यादी मोठी नाही, पण आधी विचारली नाही तर खुपते. मुलांचं अर्धं तिकीट कितव्या वर्षापर्यंत, पार्किंगचे वेगळे का, आणि मोबाइलवर किंवा पाण्याखालच्या कॅमेऱ्यावर काढून देतात त्या व्हिडिओचे किती. सिंधुदुर्ग किल्ल्याची होडी वेगळी असते, ती याच पैशांत आहे असं गृहीत धरू नका. बोट लागत असेल, तर डॉक्टरांना विचारून गोळी निघण्यापूर्वी तासभर आधी घ्या. मळमळू लागल्यावर घेतलेली गोळी फारशी उपयोगी पडत नाही. न्याहारी हलकी ठेवा. मिसळ परत आल्यावर.

आगाऊ रक्कम थोडीच द्या आणि यूपीआयने द्या, म्हणजे नोंद राहते. मग व्हॉट्सॲपवर एक संदेश पाठवा : तारीख, निघायची वेळ, किती तास, किती माणसं, एकूण रक्कम, आणि हवामानामुळे होडी सुटली नाही तर पूर्ण पैसे परत. समोरून "ओके" आलं की तुमचा करार झाला. ऑनलाइन पोर्टलवरून बुकिंग केलं असेल आणि ठरलेलं मिळालं नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला जिल्हा ग्राहक आयोगात शुल्कही लागत नाही. समुद्रात अडचण आली तर हाताशी असावा म्हणून तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक मोबाइलमध्ये घालून ठेवा.

आणि देवमासा?

आपल्या समुद्रात देवमासे आहेत. २०१५ मध्ये कुणकेश्वरच्या बाजूला संशोधकांना निळा देवमासा पिल्लासह दिसला होता, आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळ्याच्या वाळूत अडकलेलं देवमाशाचं पिल्लू परत समुद्रात सोडण्यासाठी गावकरी आणि यंत्रणा दोन दिवस झटत होत्या. पण ठरवून तिकीट काढून देवमासा पाहावा, अशी सहल कोकणात नाही. कुणी तसं सांगून जास्त पैसे मागत असेल तर देऊ नका.

देवमासा पाहायचाच असेल, तर मराठी माणसाला जवळचं ठिकाण म्हणजे श्रीलंकेच्या दक्षिण टोकाचं मिरिसा. तिथे खोल समुद्र किनाऱ्याच्या अगदी जवळ येतो, म्हणून डिसेंबर ते मार्चच्या काळात निळे देवमासे काही तासांच्या सहलीत दिसू शकतात. होड्या पहाटे साडेसहाच्या सुमारास सुटतात आणि तीन ते पाच तासांनी परततात. मोठ्या बोटीत माणशी ४०-५० डॉलरच्या आसपास पडतात, म्हणजे साडेतीन-चार हजार रुपये. लहान गटाच्या, अंतर पाळणाऱ्या बोटी याहून महाग असतात. विमान, कोलंबोहून मिरिसापर्यंतचा सुमारे दीडशे किलोमीटरचा रस्ता आणि मुक्काम धरला, तर बोटीचा खर्च एकूण खर्चात लहान भाग ठरतो. तेव्हा तिथे जाऊन हजार-पाचशे वाचवायला स्वस्त बोट निवडू नका. किमान दोन सकाळी हाताशी ठेवा, म्हणजे एक वाऱ्यात गेली तरी दुसरी उरते. त्या समुद्रातून मोठा जहाजमार्ग जातो आणि जहाजांची धडक बसून देवमासे मरतात. तिथल्या संशोधक आशा डी वॉस आणि इतरांनी हा प्रश्न लावून धरला, आणि २०२२ मध्ये एमएससी या बड्या जहाज कंपनीने आपला मार्ग दक्षिणेला सरकवला. कंपन्या इतकं करतात, तर आपण शंभर मीटर अंतर पाळायला हरकत नसावी.

कोकणातली होडी ठरवताना तांडेलाला पैशांच्या आधी हे सांगा : "दादा, पाठलाग नको. लांबून दाखवा, इंजिन बंद ठेवा, आम्हाला घाई नाही." बहुतेक जण खूश होतात, कारण डिझेल वाचतं. आणि एखाद्या सकाळी काहीच दिसलं नाही, तरी ठरलेले पैसे पूर्ण द्या.