देवाला आवडणारा उपवास

शास्त्रपाठ : यशया ५८:१-१२, मत्तय ६:१६-१८, याकोब १:२६-२७

उपवासकाळ आला म्हणजे आपल्या मंडळ्यांतील वातावरण बदलते. जादा प्रार्थनासभा भरतात. कोणी चहा सोडतो, कोणी मटण-मासळी. लग्नकार्ये ईस्टरनंतरवर जातात. हे सर्व चांगलेच आहे. परंतु चाळीस दिवस संपल्यावर आपल्या घरात व व्यवहारात काय बदलले, असे कोणी विचारले तर उत्तर देणे जड जाते. म्हणून यशयाच्या ५८व्या अध्यायाचा थोडा अभ्यास करण्याचे आम्ही योजिले आहे.

१. तक्रार करणारे भक्त (वचने १-३)

हा संदेश मूर्तिपूजकांना किंवा देवाला विसरलेल्यांना दिलेला नाही. हे लोक दररोज देवाला शोधणारे, त्याचे मार्ग जाणण्याची आवड धरणारे होते. नियमशास्त्राने प्रायश्चित्ताच्या दिवशी जिवाला दंडन करण्यास सांगितले होते (लेवीय १६:२९). पुढे यरुशलेमेच्या नाशाच्या स्मरणार्थ आणखी उपवास पाळले जाऊ लागले. जखऱ्या चौथ्या, पाचव्या, सातव्या व दहाव्या महिन्यांतील उपवासांचा उल्लेख करतो (८:१९). उपवास वाढले, पण प्रार्थनेला उत्तर मिळेना. आम्ही उपास करतो तरी देव पाहत का नाही, ही त्यांची तक्रार होती. आज आपल्यांतही हा प्रश्न विचारणारे पुष्कळ आहेत.

२. देवाचे उत्तर (वचने ३-५)

देव त्यांच्या प्रार्थनेच्या शब्दांत चूक काढीत नाही. तो त्यांना त्यांच्या मजुरांकडे पाहावयास लावतो. ज्या दिवशी धनी उपाशी राहून मान लववीत असे, त्याच दिवशी तो आपल्या कामकऱ्यांना राबवून घेत असे आणि भांडणतंटाही करीत असे. पोट रिकामे होते, पण मूठ वळलेली होती. अशा उपवासाचा आवाज वर पोहोचत नाही, असे संदेष्टा स्पष्ट सांगतो.

ही गोष्ट आपल्या दारापर्यंत येते. प्रार्थनासभेला वेळेवर जाता यावे म्हणून आपण मोलकरणीला लवकर बोलावतो. पण ती एक दिवस आजारी पडली तर तिचा पगार कापतो. प्रभुभोजनाच्या एकाच रांगेत गुडघे टेकणारे दोन सख्खे भाऊ जमिनीच्या वादामुळे वर्षानुवर्षे बोलत नाहीत. बाप्तिस्मा होऊन तीन पिढ्या लोटल्या, तरी सोयरीक जुळवताना मूळची जात हळूच विचारली जाते. सातव्या वचनात आपल्याच बांधवाला तोंड लपवू नका असे बजावले आहे, ते येथे लागू पडते.

३. देवाने निवडलेला उपवास (वचने ६-१२)

अन्यायाच्या बेड्या तोडणे, भुकेल्याला आपल्या भाकरीतला वाटा देणे, निराश्रिताला घरात घेणे, उघड्याला वस्त्र देणे : हा उपवास देवाने निवडला आहे. यात उरलेसुरले देण्याची गोष्ट नाही. भाकरी आपली, घरही आपले. याकोबही अनाथ व विधवा यांचा समाचार घेणे आणि स्वतःला जगापासून निष्कलंक राखणे या दोन्ही गोष्टी एकत्र सांगतो. मात्र त्याआधी, जिभेला लगाम न घालणाऱ्याचे धर्माचरण व्यर्थ आहे, असेही तो बजावतो.

मग उपवास, प्रार्थना, अर्पण सोडून द्यावे काय? मुळीच नाही. प्रभूने पुदिना, शेप व जिरे यांच्या दशमांशाविषयी परूश्यांना दोष दिला तो न्याय, दया व विश्वास सोडल्याबद्दल; दशमांश देण्याबद्दल नव्हे (मत्तय २३:२३). डोंगरावरील प्रवचनातही शिष्य उपास करतील हे त्याने गृहीत धरले, पण तो दिखाऊ नसावा असे सांगितले.

या दोन्ही गोष्टी एकत्र नांदू शकतात हे पंडिता रमाबाईंच्या जीवनात दिसते. तरुणपणी दुष्काळात आईबाप गमावलेल्या या बाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन शेकडो निराधार मुली व स्त्रिया आणल्या. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांना अन्न, निवारा, शिक्षण व हाताला काम मिळाले. त्याच ठिकाणी १९०५ साली प्रार्थनेतून मोठे आत्मिक संजीवन झाले. तेथे भाकर व प्रार्थना यांची फारकत झाली नव्हती.

वचन देणारा देव विश्वासू आहे. जेथे जोखड दूर केले जाते तेथे हाकेला उत्तर मिळते, अंधारात प्रकाश उगवतो आणि सुकलेला जीव पाणी दिलेल्या बागेसारखा होतो. मात्र आपल्या सत्कर्मांनी तारण विकत मिळते असे येथे सांगितलेले नाही. ज्याच्या कृपेने आपण तारले गेलो, त्याचे अंतःकरण आपल्यांत आले आहे की नाही, एवढेच त्यावरून दिसते.

प्रिय वाचकहो, या उपवासकाळात जेवण सोडण्यापूर्वी एक जुनी थकबाकी चुकती करू या, एका रुसलेल्या भावाच्या घरी जाऊ या. मग गुडघे टेकू या.

चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या घरी वा शेतावर काम करणाऱ्याला आपल्या धर्माविषयी काय वाटत असेल?
२. आपल्या मंडळीत कोणत्या ‘बांधवाला’ आपण तोंड लपवतो?
३. उपवासाने वाचलेले धान्य वा पैसे आपली मंडळी कोणाला देऊ शकेल?