पाऊणकीची पायरी

शनिवारी दुपारपासून अलिबाग-मुरूड रस्त्यावर गाड्या वाढतात. काशीदच्या आसपासच्या कुठल्याही माध्यमिक शाळेत बघा, नववी-दहावीची काही मुलं वर्गात बसल्याबसल्याच किनाऱ्यावर पोचलेली असतात. कुणाच्या घरी पाहुण्यांसाठी दोन खोल्या काढलेल्या असतात, कुणाच्या मामाची सुरूच्या बनाजवळ शहाळ्यांची गाडी असते, कुणाला आईबरोबर मासळी निवडायला बसायचं असतं. सोमवारी यातली निम्मी पेंगत येतात. अशा वर्गात कोणी गुणवत्ता वाढवायची म्हटलं की शिक्षकखोलीतून ठरलेलं उत्तर येतं, "आधी पास तर होऊ देत." मीही ते बरीच वर्षं देत आलो. मग होतं असं, की आपण प्रश्न सोपे करत जातो, मुलं ते सोडवतात, सगळ्यांना बरं वाटतं, आणि मार्चमध्ये बोर्डाच्या कागदावर नेमका तो सोपा प्रश्न नसतो.

पुढची कृती उलट्या बाजूने जाते. प्रश्न अवघडच ठेवायचा आणि सगळ्यांना तोच द्यायचा. ज्याला चढता येत नाही त्याला मधल्या पायऱ्या बांधून द्यायच्या. सामान फारसं लागत नाही: एक दोनशे पानी वही, पाचवी ते आठवीची मराठी-गणिताची पुस्तकं, तिथी दाखवणारं भिंतीवरचं कॅलेंडर, आणि आठवड्यातले असे चार तास की जे कुठल्याही स्पर्धेला, सर्वेक्षणाला किंवा स्नेहसंमेलनाच्या तालमीला दिले जाणार नाहीत. यातली शेवटची वस्तू मिळवायला सगळ्यांत कठीण.

जूनमध्ये आधी घरं गाठा

शाळा जूनच्या मध्यावर उघडते. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, होड्या वर ओढलेल्या असतात, पावसामुळे पर्यटकही रोडावतात. म्हणजे वर्षात याच सहा-सात आठवड्यांत बाप घरी सापडतो. नारळी पौर्णिमा झाली की तो पुन्हा पाण्यावर, आणि मग पालकसभेला फक्त आया येतात, त्याही अर्ध्या. म्हणून पालकसभा जूनच्या शेवटी, आणि शाळेत नव्हे, वस्तीवर. समाजमंदिराची पडवी चालते. तिथे मुलाच्या तक्रारी सांगायच्या नाहीत. दोनच गोष्टी विचारायच्या: मूल कुठल्या दिवशी कामाला लागतं, आणि घरात दिवा लावून तासभर बसायला जागा कुठे आहे. उत्तरं वहीत टिपायची.

याच बैठकीत फणसाड अभयारण्याच्या बाजूच्या वाड्यांवरचं स्थलांतर विचारून घ्या. कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात. त्यांच्या मुलांसाठी तुमचं वर्ष दिवाळीला संपतं, हे गृहीत धरूनच पुढचं आखायचं. शिक्षण हक्क कायदा 6 ते 14 वयापुरता, म्हणजे आठवीपर्यंत, धरून ठेवतो. नववीला धरून ठेवणारा कायदा नाही, फक्त शिक्षक आहे.

शाळेने मुलाकडे जायचं ही कल्पना काही नवी नाही. याच किनाऱ्यावर, पण पार उत्तरेला, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 पासून बोर्डीला आणि 1957 पासून कोसबाडला हेच केलं. गुरं राखणारी मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर शाळा कुरणात नेली. आपल्याला कुरणात जायचं नाही, पडवीपर्यंत जायचं आहे.

दोन दिवस, एकेक मूल

जुलैच्या पहिल्या आठवड्यात चाचणी. लेखी पेपर मुळीच नको. त्यातून मूल कुठे अडलं ते कळत नाही, फक्त अडलं एवढंच कळतं. प्रत्येक मुलाला व्हरांड्यात बोलवा आणि सात-आठ मिनिटं द्या. चाळीस मुलांच्या वर्गाला दोन शिक्षक लावले तर दोन दिवसांत होतं.

आधी वाचन. पाचवीच्या पुस्तकातला, मुलाने विसरलेला असा उतारा मोठ्याने वाचायला द्या. अडखळत वाचलं तर तिथेच नोंद, सहज वाचलं तर आठवीचा उतारा द्या आणि वाचून झाल्यावर पुस्तक मिटून "यात काय झालं?" विचारा. भराभर वाचून काहीच न सांगू शकणारं मूल हे वेगळं दुखणं आहे, ते वेगळ्या रकान्यात लिहा. मग गणित: एक भागाकार, एक अपूर्णांकाचा गुणाकार, एक शेकडेवारी, एक साधं समीकरण. मूल तोंडाने बोलत बोलत सोडवेल, तुम्ही ऐका.

दहावीच्या मुलाला भागाकार काय विचारायचा, असं वाटेल. 'प्रथम' या संस्थेच्या 2023च्या 'असर' पाहणीत ग्रामीण भागातल्या 14 ते 18 वयाच्या सुमारे चौथाई मुलांना आपल्या भाषेतला दुसरीच्या पातळीचा उतारा सरळ वाचता आला नव्हता, आणि तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणं जेमतेम 43 टक्क्यांना जमलं होतं. त्यात आपल्या किनाऱ्याची आणखी एक गोष्ट. 2025-26 मध्ये दहावीत बसलेलं मूल 2020-21 मध्ये पाचवीत होतं. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं, पत्रे उडाले, बागा झोपल्या. त्याच्या आधीपासून शाळा बंद होत्या आणि पुढेही बऱ्याच काळ बंद राहिल्या. भागाकार आणि अपूर्णांक घट्ट व्हायचं वर्ष ते. त्या मुलांना 'ढ' म्हणण्याआधी तारखा बघाव्यात.

नोंदी वहीत उभ्या-आडव्या चौकोनांत: डावीकडे नावं, वर कौशल्यं. शेवटी बेरीज करून क्रम लावायचा मोह होतो. लावू नका. "मुलगा कितवा" याचा उपयोग शून्य आहे. "भागाकारात शून्य आलं की अडतो" याचा उपयोग उद्या सकाळी आहे.

एक अवघड प्रश्न, सगळ्यांना

या कृतीचा हाच गाभा, म्हणून जरा सविस्तर.

आठवड्यातून एकदा, प्रत्येक मुख्य विषयाला, पूर्ण तास एकाच प्रश्नाला द्यायचा. प्रश्न असा हवा की हुशार मुलालाही पहिल्या पाच मिनिटांत येऊ नये, आणि मागच्या बाकावरच्या मुलाला त्यातलं काहीतरी आधीच ठाऊक असावं. काशीदमध्ये असा प्रश्न समोर पसरलेला आहे.

किनाऱ्यावर जुना हिशेब चालतो: पूर्ण भरतीची वेळ म्हणजे तिथीची पाऊणपट. चतुर्थीला चार पाऊणे तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती. नवमीला पावणेसात. आजोबांना हे तोंडपाठ असतं, कारण त्यांच्या वेळी पावकी, निमकी, पाऊणकी हे अपूर्णांकांचे पाढे पाठ करून घेत. आता वर्गाला विचारा: हा हिशेब खरा आहे का? असला तर किती?

पायऱ्या अशा बांधा. पहिली: पंचमी, सप्तमी, एकादशीची वेळ काढा. दुसरी: पंधराही तिथींचा तक्ता करा आणि आलेख काढा, रेषा सरळ का आली? तिसरी: ही अंकगणिती श्रेढी आहे का, तिचा फरक किती? चौथी: अमावास्येला भरती बाराच्या आसपास, पौर्णिमेलाही बाराच्या आसपास. म्हणजे पंधरा तिथींत भरती बारा तास सरकली. तर एका तिथीला किती? इथे उत्तर 48 मिनिटं येतं आणि पाऊणकी म्हणते 45. पाचवी पायरी मुलं स्वतःच विचारतात: मग पौर्णिमेला आजोबा किती चुकतात? तिथीमागे तीन, पंधरा तिथींना पाऊण तास. पाऊणकीने पौर्णिमेला सव्वाअकरा येतात. मग आजोबांनी हा चुकीचा हिशेब का ठेवला? कारण होडीत बसून 48ने गुणता येत नाही. अंदाजी नियम आणि अचूक नियम यांतला फरक शिकवायला याहून चांगला धडा मला तरी सापडलेला नाही.

आता मागे पडलेला मुलगा. त्याला नऊ गुणिले तीन छेद चार येत नाही. पण पाऊण तास म्हणजे 45 मिनिटं, हे त्याला येतं. मग नऊ वेळा 45 मिळवू दे. 405 आले. 405 मिनिटांचे तास किती? इथे तो अडतो. हीच त्याची पायरी, आणि जुलैच्या वहीत ती आधीच लिहिलेली असते. त्याच्या हातात वेगळा, सोपा कागद द्यायचा नाही. याच कागदावर ही एक पायरी जास्त आखून द्यायची. वर्गात कुणालाही कळत नाही की त्याला मदत मिळाली. या वयात मदत घ्यायची लाज मोठी असते, आणि ती आपण 'ब तुकडी' नावाची पाटी लावून वाढवत आलो आहोत.

दुसऱ्या विषयांचे प्रश्न तुम्हीच काढा. अर्थनियोजनात जीएसटी आहे आणि गावात पाहुण्यांना बिलं द्यावी लागतात. इतिहासाला जंजिरा जवळच आहे. "आपल्या पोरांना हे झेपत नाही" असं कुणी म्हणालं तर जिल्ह्याकडे बोट दाखवायचं. पुढे देशाचे अर्थमंत्री झालेले चिंतामणराव देशमुख याच जिल्ह्यातल्या नाते गावचे. ते 1912 साली मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिकला पहिले आले, तेव्हा रायगड जिल्ह्याचं नाव कुलाबा होतं आणि रस्ते आजच्यासारखे नव्हते.

प्रश्नाची भाषा

गणित येत असूनही गुण जातात, त्याचं एक कारण शेवटच्या ओळीत असतं. 'पडताळा घ्या', 'सकारण स्पष्ट करा', 'फरक लिहा', 'निष्कर्ष काढा'. कोळी, आगरी, कातकरी घरांत असं कुणी बोलत नाही. कोर्लईच्या ख्रिस्ती वस्तीत तर घरची बोली पोर्तुगीजातून घडलेली आहे. जुन्या प्रश्नपत्रिकांतून अशा वीस-पंचवीस आज्ञा काढा, भिंतीवर लावा, आणि प्रत्येकीचं मुलांच्याच बोलीत भाषांतर मुलांकडूनच करून घ्या. मुलांच्या बोलीला हसायचं नाही, शिक्षकांनी तर नाहीच.

चार तासांचा गट

वहीतून आठ-दहा मुलं निवडा, एकाच पायरीवर अडलेली. सोमवार सोडून चार दिवस, पस्तीस-चाळीस मिनिटं, सहा आठवडे. वेळ शाळेच्या आतली हवी. जादा तास पाचनंतर ठेवला की एसटीने जाणारी मुलं गळतात, आणि गटात नेमकी तीच हवी असतात. खेळाचा तासही कापू नका. मागे पडलेल्या मुलाला ज्या तासाला मान मिळतो, तोच तास आपण काढून घेतो. आमच्याकडे परिपाठ आटोपता घेऊन आणि पहिला तास थोडा पुढे सरकवून वेळ निघाली. कुरकुर झाली.

गटाला बाहेर जायचं दार हवं. पायरी चढलं, दोन वेळा चढलं, की मूल गटाबाहेर. जागा झाली की दुसरं आत. दार नसलं तर सप्टेंबरपर्यंत त्या खोलीला मुलं नाव ठेवतात, आणि ते नाव दहावीपर्यंत चिकटतं.

भट्टीवर जाणाऱ्या मुलांना पहिल्याच गटात घ्या. त्यांच्याजवळ दिवाळीपर्यंतचाच वेळ आहे.

चुकांची वही आणि पेपर तपासणी

प्रत्येक मुलाची एक पातळ वही. चुकलेलं उत्तर, ते का चुकलं याचं एक वाक्य, मग बरोबर उत्तर. पहिला महिना मुलं "लक्ष नव्हतं" एवढंच लिहितात. ते खोडायला लावा. "60ने भागायचं होतं, 100ने भागलं" असं लिहिता आलं, की अर्धं काम झालं.

शिक्षकांचंही एक काम. महिन्यातून एकदा एकाच मुलाची उत्तरपत्रिका तिघांनी वेगवेगळी तपासायची आणि गुण समोर ठेवायचे. पहिल्या वेळी तफावत बघून मीच ओशाळलो.

अंतर्गत वीस गुणांबद्दलही बोलायला हवं. शंभरात पस्तीस लागतात. वीसपैकी अठरा आपण खिरापतीसारखे वाटले, तर ऐंशीपैकी सतरा पुरतात. मूल पास होतं, आणि अकरावीला विज्ञानाच्या पहिल्या पंधरवड्यात त्याला आपली दानत कळते. तोंडी परीक्षा आणि प्रयोग खरे घ्या. गुण थोडे कमी पडतील, मुलं वर्गात जास्त बोलू लागतील. 2023 पासून राज्याने पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आणि नापासांना पुनर्परीक्षा आणली आहे. त्या पुनर्परीक्षेची तयारीही याच वहीतून करावी, वेगळी गाईडं आणून नव्हे.

शनिवार-रविवारचं काय

रविवारचा गृहपाठ देऊ नका. तो होत नाही, आणि न झालेल्या गृहपाठासाठी सोमवारी ओरडण्यात पहिला तास जातो. लेखी काम मंगळवार ते गुरुवार. शनिवार-रविवारी एकच गोष्ट मागा: किनाऱ्यावर असाल तर पाणी सगळ्यांत वर केव्हा आलं ती वेळ, तिथीसकट, हातावर लिहा.

सोमवारी ते आकडे फळ्यावर घ्यायचे आणि पाऊणकीच्या रेषेवर ठिपके मांडायचे. ठिपके रेषेच्या वर-खाली पडतात. पाणी वर आलं म्हणजे नक्की कुठपर्यंत, यावर वर्गात भांडण होतं, आणि त्या भांडणात शहाळ्यांच्या गाडीवरचा मुलगा पहिल्या बाकावरच्यांना गप्प करतो, कारण तो तिथे होता.

मार्चमध्ये दहावी सुटली की दोनशे पानी वही आठवीच्या वर्गशिक्षकाला द्या. शेवटची चार पानं कोरी ठेवा. जूनमध्ये पडवीत बसल्यावर लागतात.