एक शब्द, अनेक अर्थ : ‘स्लॉट’

‘स्लॉट’ म्हणजे अरुंद खाच. टपालपेटीत पत्र पडते ते अशाच खाचेतून. खाचेत नाणे टाकून चालणाऱ्या जुगाराच्या यंत्रासही त्यावरूनच ‘स्लॉट मशीन’ म्हणतात. त्याची रचनाच अशी असते, की अखेरीस नफा मालकाच्याच पदरी पडावा.

खाचेत नाणे बसते, तशी वेळापत्रकात बसणारी नेमलेली वेळही ‘स्लॉट’च. १ मे २०२१ पासून करोनाच्या लसीसाठी १८ ते ४४ वर्षांच्या लोकांना अशी वेळ आधी मोबाइलवर किंवा संगणकावर नोंदवावी लागे. जालना जिल्ह्यातही हाच नियम होता. ज्याच्यापाशी साधन नव्हते, त्याला शेजाऱ्याचा आधार घ्यावा लागे. तेथे हा शब्द जिवाच्या मोलाचा ठरला.

शब्दाचा अर्थ संदर्भावरूनच जाणावा.

स्वाध्याय : वरील प्रत्येक अर्थासाठी योग्य मराठी शब्द योजून वाक्ये लिहा.