नाण्यांवरील मध्ययुग

चेन्नईच्या पश्चिमेस लोहमार्गावर आवडी हे नगर आहे. मराठी कानाला हे नाव ओळखीचे वाटत असले, तरी त्याचा आपल्या 'आवडी'शी संबंध नाही. जानेवारी १९५५ मध्ये येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले आणि समाजवादी धर्तीच्या समाजरचनेचा ठराव संमत झाला. पुढे १९६१ मध्ये येथे रणगाड्यांचा कारखाना उभा राहिला. त्यामुळे आवडी म्हटले की वाचकाच्या मनात आधुनिक उद्योगनगरीचेच चित्र उभे राहते. परंतु याच नगराच्या हद्दीत तिरुमुल्लैवायल येथे मासिलामणीश्वराचे प्राचीन मंदिर असून तेथे चोळकालीन शिलालेख आहेत. ज्या राजांनी असे लेख कोरविले त्यांनीच नाणीही पाडली. मध्ययुगीन विषयांची नाणी जमविणाऱ्याला हा प्रदेश विशेष अनुकूल आहे, तो यामुळेच.

अशा संग्रहाचे दोन स्पष्ट भाग पडतात. एक, प्रत्यक्ष मध्ययुगात पाडलेली नाणी. आणि दुसरा, मध्ययुगाची आठवण म्हणून नंतरच्या काळात पाडलेली. या दोहोंची सरमिसळ झाली की संग्रहाचा अभ्यास म्हणून काही उपयोग राहत नाही.

पहिल्या भागाचा आरंभ राजराज चोळाच्या तांब्याच्या नाण्यापासून करणे सर्वांत सोयीचे. एका बाजूस उभी मानवाकृती, दुसऱ्या बाजूस बसलेली आकृती आणि तिच्या हाताजवळ नागरी लिपीत 'श्री राजराज' अशी अक्षरे, असे त्याचे रूप आहे. आकृत्या इतक्या संक्षिप्त आहेत की हात-पाय केवळ रेषांनी सुचविलेले दिसतात. तमिळ देशातील राजाचे नाव नागरीत आहे, ही गोष्ट मराठी वाचकाला सुखद वाटेल; मात्र अक्षरांची वळणे आजची नाहीत, ती सरावानेच वाचता येतात. हे नाणे तमिळनाडूत आणि श्रीलंकेत विपुल सापडते, म्हणून ते दुर्मिळ नाही. नवशिक्याच्या दृष्टीने हाच त्याचा गुण होय.

विजयनगरचे सोन्याचे नाणे ते वराह. मराठीत त्यालाच 'होन' म्हणतात, आणि हा शब्द कन्नडमधील सोन्याच्या 'होन्नु' या नावावरून आलेला आहे. कृष्णदेवरायाच्या वराहावर बसलेला बाळकृष्ण असून मागे 'श्री प्रताप कृष्णराय' ही नागरी अक्षरे तीन ओळींत आहेत. वजन सुमारे ३.४ ग्रॅम. हेच वजन आणि हीच देवमूर्तीची परंपरा ईस्ट इंडिया कंपनीने मद्रासमध्ये पुढे चालविली. व्यापाऱ्यांचा विश्वास जुन्या रूपावर होता, आणि नव्या राजवटीला त्या विश्वासाचीच गरज होती. १८०७ नंतर यंत्रावर पाडलेल्या चांदीच्या अर्ध्या व पाव वराहांवर एका बाजूस मंदिराचे गोपुर व भोवती तारे, तर दुसऱ्या बाजूस कमळातून प्रकटणारा विष्णू आहे. मजकूर इंग्रजी, फारसी, तमिळ आणि तेलुगु अशा चार भाषांत. काही अर्धे वराह तर स्पॅनिश डॉलरवरच नवा ठसा मारून तयार केलेले असून, नीट पाहिल्यास खालची जुनी रेषा कोठेतरी डोकावते. व्यापारी कंपनीने मध्ययुगाची सही उसनी घेतल्याचा याहून बोलका पुरावा मिळणे कठीण. १८१८ मध्ये रुपया हे मद्रास इलाख्याचे प्रमाण नाणे ठरले आणि शंभर वराहांस साडेतीनशे रुपये हा दर ठरविण्यात आला. टांकसाळ १८६९ मध्ये बंद पडली. चेन्नईतील 'मिंट स्ट्रीट' या रस्त्याच्या नावात मात्र ती टिकून आहे.

शिवराईविषयी येथे सावधगिरीचा इशारा देणे अगत्याचे आहे. एका बाजूस 'श्री राजा शिव' व दुसऱ्या बाजूस 'छत्रपति' असलेली तांब्याची शिवराई दख्खनभर चालली. परंतु ती शिवाजी महाराजांच्या नंतरही, अगदी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत, निरनिराळ्या ठिकाणी पाडली जात होती. दोन आडव्या रेषा असलेली 'दुदांडी' शिवराई ही अशीच उत्तरकालीन होय. तेव्हा हाती आलेली प्रत्येक शिवराई रायगडावरची मानणे म्हणजे श्रद्धेने इतिहासाची जागा घेण्यासारखे आहे. अक्षरांची ठेवण, वजन आणि जाडी पाहूनच तिचा काळ ठरवावा लागतो.

दुसऱ्या भागात भारत सरकारच्या स्मरणार्थ नाण्यांचा समावेश होतो. छत्रपती शिवाजी (दोन रुपये) व संत ज्ञानेश्वर (एक रुपया) ही नाणी १९९९ ची, संत तुकाराम २००२ चे, महात्मा बसवेश्वर २००६ चे. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरास हजार वर्षे झाल्याबद्दल २०१० मध्ये पाच व एक हजार रुपयांची नाणी निघाली. २०२५ च्या जुलैमध्ये गंगैकोंडचोळपुरम येथे राजेंद्र चोळाच्या स्मरणार्थ एक हजार रुपयांचे नाणे प्रकाशित झाले. हजार रुपयांची ही नाणी संग्राहकांसाठीच असतात, ती बाजारात फिरत नाहीत. रोजच्या व्यवहारातील एक-दोन रुपयांची नाणी मात्र अल्पखर्चात मिळतात. त्यांना भरमसाठ किंमत देऊ करणाऱ्या जाहिरातींना भुलू नये. रिझर्व्ह बँकेचे नाव वापरून जुन्या नाण्यांच्या खरेदी-विक्रीत होणाऱ्या फसवणुकीबद्दल त्या बँकेनेच ऑगस्ट २०२१ मध्ये लोकांना सावध केले होते.

जुन्या नाण्याला चिंच, लिंबू वा रांगोळी लावून चकाकी आणणे हा आपल्या घरोघरचा उत्साह नाण्याच्या जिवावर उठतो. तांब्यावरील हिरवट-तपकिरी थर हेच त्याचे कवच असते. तो निघाला की अक्षरांच्या कडाही झिजतात. नाणे कडेने धरावे, कोरड्या कागदी पाकिटात ठेवावे आणि पाकिटावर वजन, माप व मुख्यतः सापडल्याचे ठिकाण लिहावे. ठिकाण माहीत असलेले झिजके नाणे, ठिकाण हरवलेल्या सुबक नाण्यापेक्षा अभ्यासकाला अधिक मोलाचे वाटते, कारण कोणत्या राजाचे चलन कोठवर पोहोचले ते त्यावरूनच कळते. शेतात वा पाया खणताना नाण्यांचा साठा सापडला आणि तो सोनाराकडे वितळला, तर ही माहिती कायमची जाते. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून अधिक किमतीचा असा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळविणे बंधनकारक आहे. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुने नाणे खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. आवडीच्या रहिवाशाला चोळ, विजयनगर आणि कंपनी यांची नाणी शेजारी ठेवून पाहायची असतील, तर एग्मोर येथील शासकीय संग्रहालय आगगाडीने सहज गाठता येते. १८५१ मध्ये स्थापन झालेल्या त्या संस्थेचा नाणेसंग्रह दक्षिणेत विख्यात आहे.