मशेरी व पोटांतलें मूल

मुलाचें संगोपन जन्मापासून सुरू होतें असें आपण मानतों. परंतु खरें पाहतां तें नऊ महिने आधींच सुरू झालेलें असतें. म्हणून ह्या पाठांत आपण एका साध्या दिसणाऱ्या संवयीचा विचार करूं.

कल्याण, मुरबाड व शहापूर ह्या बाजूच्या खेड्यांत पुष्कळ स्त्रिया तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजतात, तिची पूड करितात व ती दांतांना लावितात. हीच मशेरी. दांत दुखतो, पोट साफ होत नाहीं, मळमळतें, अशीं कारणें त्या सांगतात. बिडी ओढणारी स्त्री लोकांच्या डोळ्यांवर येते. मशेरी लावणारीस मात्र कोणी व्यसनी म्हणत नाहीं.

१. विष मुलापर्यंत कसें पोंचतें? भाजल्यानें तंबाखूंतील निकोटीन नाहींसें होत नाहीं. तें हिरड्यांवाटे रक्तांत मिसळतें, रक्तवाहिन्या आकुंचित करितें, व वारेंतून मुलाच्या रक्तांत जातें. अन्न व प्राणवायु मुलाला वारेवाटेच मिळतो. तो पुरवठा कमी झाला म्हणजे वाढ खुंटते. शिवाय मेंदूची घडण चालू असते त्याच महिन्यांत हें विष तेथें पोंचतें.

२. ह्यास पुरावा काय? मुंबईंत डॉ. प्रकाश गुप्ता व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १,२१७ गरोदर स्त्रियांची पाहणी केली. ती २००४ सालीं ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्यें प्रसिद्ध झाली. मशेरी वगैरे धूर नसलेली तंबाखू वापरणाऱ्या स्त्रियांचीं मुलें सरासरीनें १०५ ग्रॅम हलकीं भरलीं व सुमारें ६ दिवस आधीं जन्मलीं. २००६ सालीं त्यांनींच दाखविलें कीं, अशा स्त्रियांत मृत मूल जन्मण्याचा धोका अडीच पटींहून अधिक होता. १०५ ग्रॅम अल्प वाटतील. पण जें मूल आधींच दोन किलोंचें आहे, त्याला तेवढें उणेंही सोसत नाहीं.

३. पुढें काय होतें? अवेळीं जन्मलेल्या व कमी वजनाच्या मुलांत बसणें, चालणें, बोलणें उशिरा येण्याचा व शाळेंत लक्ष न लागण्याचा संभव अधिक असतो. प्रत्येक मुलाचें असें होतेंच असें नाहीं. “माझ्या चारही मुलांना कांहीं झालें नाहीं,” हें सासूबाईंचें म्हणणें खरें असेल; पण पाण्याच्या लोंढ्यांतून एकजण पार गेला म्हणून ओढा उतार होत नाहीं. दारूचा परिणाम तर ह्याहूनही मोठा आहे. १९७३ सालीं अमेरिकेंतील सिएटल येथील डॉक्टर जोन्स व स्मिथ ह्यांनीं, मद्यपी मातांच्या मुलांत दिसणारी खुंटलेली वाढ व बुद्धीची हानि ह्यांचें वर्णन करून त्या रोगास नांव दिलें. शमशोनाच्या आईला गर्भारपणीं मद्य वर्ज्य करण्याची आज्ञा झाली होती, हें शास्ते पुस्तकाच्या १३ व्या अध्यायांत आपण वाचलेंच आहे.

४. आपलें कर्तव्य. प्रचारकांनीं गरोदर बाईस चारचौघांत दोष देऊं नये. दोष दिल्यानें डबी पदराआड जाते, सुटत नाहीं. जिचें मूल दगावलें तिला “हें तुझ्यामुळें” असें कधींही म्हणूं नये. एका मुलाच्या मृत्यूचें नेमकें कारण आपणांस ठाऊक नसतें. घरच्यांनीं तिच्यासमोर तवा चढवूं नये. नवऱ्यानें आपली तंबाखूही सोडावी, म्हणजे तिला बळ येईल. पहिले कांहीं दिवस डोकें दुखतें, चिडचिड होते. तल्लफ आली कीं चूळ भरावी, बडीशेप चघळावी, थोडा वेळ कामांत मन घालावें. आशाताईला व दवाखान्यांत मशेरीविषयीं खरें सांगावें. रोज पुष्कळ दारू पिणारीनें ती एकदम न सोडतां डॉक्टरांच्या सल्ल्यानें सोडावी. सातवा महिना लागला तरी उशीर झाला असें समजूं नये. जितक्या लवकर सोडावें तितकें मुलाचें हित.

प्रश्न: (१) निकोटीन मुलापर्यंत कोणत्या वाटेनें जातें? (२) सासूबाईंच्या म्हणण्यास आपण आदरानें काय उत्तर द्याल? (३) आपल्या घरांतील मशेरीची डबी कोण भरून ठेवितो?