शेवटच्या डब्याची पाटी

नाशिक
सोमवार

चि. मनीषा,

पोळ्याला नांदगावला आठ दिवस राहिलो. तू माडीवर हेडफोन लावून कामात आणि मी खाली ओट्यावर पेपर घेऊन. मुद्दाम ऐकत नव्हतो, पण तुझं बोलणं कानावर पडत होतं. निघायच्या आदल्या रात्री तू रडलीस. "मामा, मी एवढं राबते, पण पुण्याच्या ऑफिसात कुणाला ते दिसतच नाही," म्हणालीस. ताईसमोर मी गप्प राहिलो. परतीच्या गाडीत मात्र तेच मनात घोळत होतं.

मनू, माझी ३४ वर्षं स्टेशन मास्तरकीत गेली, शेवटची सहा नांदगावातच. भुसावळला बसून आमच्या गाड्या हलवणाऱ्या कंट्रोलरांपैकी बहुतेकांचे चेहरे मी कधी पाहिले नाहीत, फक्त आवाज ओळखायचो. पुढच्या स्टेशनचा मास्तर दिसत नसे, फाटकवाला दिसत नसे. तरी रात्रभर त्या लाइनीवरून मेल आणि मालगाड्या सुखरूप जात. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली, तेव्हापासून रेल्वे हेच शिकत आली आहे की एकमेकांना न दिसणाऱ्या माणसांनी मिळून एक काम कसं करायचं. त्यासाठी तिने माणसांच्या हुशारीवर भरवसा ठेवला नाही, सवयी लावल्या.

फाटकाचंच घे. गाडी सोडण्याआधी फाटकवाल्याला फोन करायचा. तो नुसतं "हो साहेब, लावतो" म्हणाला तर ते धरायचं नाही. फाटक लावून झालं की त्याने त्याच्या कागदावरचा प्रायव्हेट नंबर सांगायचा, आम्ही तो लिहून घ्यायचा. "सात तीन, त्र्याहत्तर," असा आकडे सुटे करून आणि जोडून. तो नंबर हातात आल्याशिवाय सिग्नल द्यायचा नाही. तू मीटिंगमध्ये किती वेळा "ओके, बघते" म्हणालीस! काय बघणार, कधीपर्यंत, ते ना तू सांगितलंस, ना त्यांनी विचारलं. तुझ्या साहेबांचंही चुकतं. तिघांना एकच काम तोंडी सांगून ते मोकळे होतात. पण त्यांना बदलणं तुझ्या हातात नाही. मीटिंग संपली की दोन ओळी लिहून पाठव: मला हे काम समजलं, ते गुरुवारी दुपारपर्यंत देते, त्यासाठी अमक्याकडून तमुक फाइल हवी. त्यावर त्यांचं "बरोबर" आलं की तोच तुझा प्रायव्हेट नंबर.

दुसरी गोष्ट मला जास्त लागली, म्हणून स्पष्ट लिहितो. बुधवारी संध्याकाळी तू "झालं" असं कळवलंस आणि गुरुवारी सकाळी एक भाग तपासायचा राहिल्याचं सांगत बसलीस. आमच्याकडे इंजिन स्टेशनातून गेलं म्हणजे गाडी गेली असं नसतं. शेवटच्या डब्यामागची एल.व्ही.ची, म्हणजे 'लास्ट व्हेइकल'ची पाटी, रात्री असेल तर लाल दिवा, डोळ्यांनी बघायचा. तो दिसला तरच गाडी पूर्ण आली, मधे डबे सुटून राहिले नाहीत, असं धरायचं आणि मागच्या स्टेशनला लाइन मोकळी झाल्याचं कळवायचं. तुझ्या कामाचा शेवटचा डबा कोणता, हे काम हातात घेतानाच ठरवून टाक. तोपर्यंत "इतकं झालं, इतकं राहिलं" असंच लिही. त्यात कमीपणा नाही.

आणि एका दुपारी लाइट गेली तेव्हा रेंज शोधत तू गच्चीवर फिरत होतीस, पण दीड तास पुण्याला एक शब्द कळवला नाहीस. घाबरली होतीस, मला कळत होतं. पुढे रूळ कच्चा असेल तर आम्ही ड्रायव्हरला कॉशन ऑर्डर देतो आणि त्याची सही घेतो. त्यात "जरा जपून जा" असं नसतं. कुठल्या किलोमीटरपासून कुठपर्यंत आणि किती वेगाने, ते लिहिलेलं असतं. नांदगावात लाइट जाते हे आपल्याला माहीत आहे, पुण्याला नाही. साधा एसएमएस जातो, तेवढा टाकायचा.

माझीही एक चूक सांगतो. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी, एका लहान स्टेशनावर, चार्ज देताना एका सायडिंगचा सांधा नीट लागत नसल्याचं मी पुढच्या मास्तरांना तोंडी सांगितलं, डायरीत लिहिलं नाही. त्यांनी ऐकलं असेल, नसेल. रात्री एक मालगाडी तिथे पाऊण तास अडकली. कुणाला इजा झाली नाही. पण सकाळी ते मला एवढंच म्हणाले, "लिहिलं असतंस तर मी जागा असतो." ते अजून विसरलो नाही.

चार्ज दिला की मास्तर घरी जातो, हेही ध्यानात ठेव. तू ताटाशेजारी मोबाइल ठेवून जेवतेस. संध्याकाळी काय झालं, काय राहिलं, उद्या पहिलं काय, ते लिहून कळव आणि लॅपटॉप बंद कर.

सोबत एक कोरी वही पाठवतो आहे, लांब, रेघांची, आमच्या डायरीसारखी. पहिल्या पानावर पुढच्या सोमवारची तारीख मी घातली आहे. दिवाळीला येईन तेव्हा बघेन. ताईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा